आवाजाचा रतीब

या खेपेला पॉडकास्टबद्दलची पत्रं इतकी आली की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. जिथे यंत्राचं पोट उघडून दाखवायला हवं असं वाटलं, तिथे ते उघडलं आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर आकाशवाणी ऐकत आलो. नातू म्हणतो, "आजोबा, पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवरचा रेडिओच." खरंच तसं आहे का? आणि त्यातला ‘पॉड’ कसला? (निवृत्त शिक्षक, मिरज)

नातवाचं निम्मं बरोबर आहे. एक माणूस बोलतो आणि लांबचा कुणी ऐकतो, इथपर्यंत दोन्ही सारखेच. फरक आहे तो वेळेचा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे वर्षभर एकेक करत ५६ गीतं आली. ती ऐकायची तर ठरलेल्या वेळी रेडिओपाशी हजर राहावं लागे. पॉडकास्टमध्ये घड्याळ ऐकणाऱ्याच्या हाती येतं. पहिला भाग आज, दुसरा सहा महिन्यांनी, मध्येच थांबवून पोळ्या लाटायच्या आणि पुन्हा तिथूनच पुढे ऐकायचं.

या पद्धतीचं मूळ २००० सालात आहे. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं आणि पाच मिनिटांच्या गाण्याची फाइल उतरायला पंधरावीस मिनिटं सहज जायची. एमटीव्हीवर निवेदक राहिलेले ॲडम करी यांच्या मनात आलं, की संगणक रात्रभर रिकामाच असतो. तेव्हाच त्याने फाइल आणून ठेवली तर सकाळी वाट पाहायला नको. त्यांनी ही कल्पना डेव्ह वाइनर या प्रोग्रामरपुढे मांडली. लेखांच्या मथळ्यांची यादी सगळ्यांना वाटता यावी, यासाठी असलेल्या आरएसएस या साध्या पद्धतीवर वाइनर काम करत होते. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी त्या यादीत एक जादा खण जोडला. मजकुरासोबत ध्वनिफाइलचा पत्ता ठेवायचा तो खण. पॉडकास्टचा सगळा डोलारा आजही त्या एका खणावर उभा आहे.

२००३ मध्ये पत्रकार क्रिस्टोफर लायडन यांच्या मुलाखती याच वाटेने लोकांपर्यंत गेल्या. नाव मात्र अजून नव्हतं. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्स्ली यांनी ‘गार्डियन’मधल्या लेखात या नव्या प्रकाराला काय म्हणावं असं विचारत काही शब्द सुचवले, त्यात ‘पॉडकास्टिंग’ होता. ॲपलच्या ‘आयपॉड’मधला पॉड आणि ‘ब्रॉडकास्ट’मधला कास्ट. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्येच पॉडकास्टची सोय दिली आणि त्याच वर्षी ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने ‘पॉडकास्ट’ हा वर्षाचा शब्द ठरवला. मे २०२२ मध्ये आयपॉडचं उत्पादन थांबलं. डबी गेली, पद्धत राहिली. कारण ती कुठल्याच डबीवर अवलंबून नव्हती.

प्रश्न : मी एका मालिकेचं ‘फॉलो’ बटण दाबलं. आता दर बुधवारी नवा भाग आपोआप फोनवर दिसतो. हे होतं कसं? आणि स्वतःची मालिका काढायची तर ती थेट यूट्यूबवरच टाकावी का? (गृहिणी, नाशिक)

आपल्याकडे दुधाचा रतीब लावतात, तसाच हा आवाजाचा रतीब आहे. एकदा सांगितलं की रोज दुकानात जावं लागत नाही. फरक एवढाच, की इथे गवळी दारात येत नाही. तुमच्या फोनमधलं ॲपच थोड्या थोड्या वेळाने गवळ्याच्या ओसरीवर डोकावून येतं.

त्या ओसरीवर एक यादी टांगलेली असते. तिला फीड म्हणतात. ही निव्वळ अक्षरांची फाइल असते, कुणालाही उघडून वाचता येईल अशी. प्रत्येक भागाची त्यात एक नोंद: शीर्षक, चार ओळींची माहिती, प्रसिद्धीची तारीख आणि वेळ, ध्वनिफाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता, तिचा आकार किती बाइट, प्रकार कोणता आणि त्या भागाची कधीही न बदलणारी ओळखखूण. ॲप ही यादी वाचतं, ओळखखुणा ताडून पाहतं, न पाहिलेली खूण सापडली की दिलेल्या पत्त्यावरून फाइल आणतं. तुमच्या बुधवारच्या भागामागे एवढंच घडतं.

या साधेपणातच पॉडकास्टचं खरं बळ आहे, आणि म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी जरा ठामपणे बोलतो. फीड खुलं असतं, त्यामुळे एकच मालिका सगळ्या ॲपवर ऐकता येते. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद झालं. पण त्यावर ऐकल्या जाणाऱ्या मालिका बंद पडल्या नाहीत. लोकांनी आपली रतिबाची यादी उचलली आणि दुसऱ्या ॲपमध्ये नेली. यूट्यूबवर जरूर टाका, तिथे मराठी श्रोता मोठ्या संख्येने आहे. पण तेवढ्यावर थांबलात तर तुमचा आवाज आणि तुमचा श्रोता दोन्ही एका कंपनीच्या वाड्यात भाडेकरू म्हणून राहतील. स्वतःचं फीड असलेली जागा निवडा आणि निवडताना तीन गोष्टी विचारा. फीडमधला संपर्काचा ईमेल माझाच राहील ना? सगळे भाग मला केव्हाही परत उतरवून घेता येतील ना? आणि उद्या जागा बदलली तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्याकडे वळवून द्याल ना? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच खातं उघडा.

प्रश्न : पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि हिरमोड झाला. माझा आवाज मला पातळ, परका वाटला. माइक खराब आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

माइक अगदी चांगला आहे, आणि तुझा आवाजही. दोन्ही कानांत बोटं घाल आणि तोंड मिटून ‘म्’ असा सूर धर. आवाज किती भरदार घुमतो बघ. बाहेरची वाट बंद असूनही तो ऐकू आला, कारण तो कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत गेला. हाडांमधून खर्जातले सूर चांगले पोचतात. आपण बोलतो तेव्हा स्वतःला हवेतला आणि हाडांतला असे दोन्ही आवाज मिळून ऐकू येतात. जगाला आणि माइकला मात्र फक्त हवेतला. तुला परका वाटणारा आवाज तुझ्या आईने, मित्रांनी जन्मभर ऐकलेला आहे आणि तोच त्यांना ओळखीचा आहे. आठवडाभर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाच, रेकॉर्ड कर आणि ऐक. कान सरावतो. दुसऱ्या निवेदकासारखा खर्ज लावण्याच्या फंदात पडू नकोस. नांदेडच्या बोलण्याचा हेल तुझ्या आवाजात असेल, तर तो तसाच राहू दे.

प्रश्न : आम्ही दोघं मिळून पुस्तकांवर पॉडकास्ट सुरू करणार आहोत. घर रेल्वेलाइनजवळ आहे. दुकानदार महागडा कंडेन्सर माइक घ्या म्हणतो. घ्यावा का? (दांपत्य, डोंबिवली)

तुमच्या घरासाठी तरी घेऊ नका. माइक मुख्यतः दोन जातींचे असतात. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकात हलतं. स्पीकर जसा आवाज बाहेर फेकतो, त्याच्या नेमकं उलट काम. हा पडदा वेटोळ्यासकट हलायचा असल्याने जरा जड असतो आणि तोंडाजवळ बोलावं तेव्हाच चांगला बोलतो. कंडेन्सरमध्ये विद्युतभारित पत्र्यासमोर अतिशय हलका पडदा असतो; त्याला कुजबुजही कळते आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही. बंद स्टुडिओत तो सोन्यासारखा, पण रुळांजवळच्या घरात साधा डायनॅमिक बरा. सुरुवातीला कॉलर माइकनेही भागेल. १९६२ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी विद्युतभार कायमचा साठवून ठेवणाऱ्या पातळ प्लॅस्टिकचा माइक बनवला. इतका लहान आणि स्वस्त माइक घरोघरी पोचला तो त्यामुळेच.

माइकवर खर्च करण्याआधी अंतर आणि खोली या दोन फुकटच्या गोष्टी सुधारा. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत पोचणारा तुमचा आवाज जवळपास दुप्पट होतो, आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. म्हणून वीतभर लांबून बोलू नका, चार बोटांवर या. खोलीची परीक्षा टाळीने होते. हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती तिला ‘टण्ण’ करून परत पाठवतील. मग साड्यांचं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी वाजवा. टाळी तिथेच विरेल. आवाज कापडात शिरला की त्याची ताकद धाग्याधाग्यांत जिरते. आईची जुनी गोधडी मागे टांगा, खाली सतरंजी, समोर उघडं कपाट. हाच तुमचा स्टुडिओ.

आता खास आपल्या भाषेची एक बाब. ‘प’ आणि ‘ब’ उच्चारताना हवेचा झोत माइकवर आदळतो आणि ‘भप्प’ असा आवाज येतो, हे इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळतं. मराठीत खरे झोतकरी वेगळे आहेत. संध्याकाळी देवापुढचं निरांजन तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा आणि ‘पाणी’ म्हणा. ज्योत जराशी हलेल. ‘फणस’ म्हणा, ज्योत आडवी होईल. ‘खिडकी’, ‘ठसका’, ‘भाकरी’ म्हणून पाहा, आणि मग ‘मामा’ म्हणा. ज्योत जागची हलणार नाही. आपली महाप्राण व्यंजनं नावाप्रमाणेच प्राण, म्हणजे श्वास, सोडतात. झोत सरळ समोर जातो, म्हणून माइक ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी, जरा तिरका ठेवा. आवाज तर सगळीकडे पसरतो, तो माइकला मिळेलच.

गाडी गेली तर? थांबा, ती जाऊ द्या आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणा. वाक्याच्या मधोमध जोडलेला सांधा कानाला लगेच कळतो, वाक्याच्या सुरुवातीचा कळत नाही.

प्रश्न : दूधधंद्यावर शेतकऱ्यांसाठी पॉडकास्ट काढायचं मनात आहे. घरी मुलाचा आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पडून आहे. नवा घ्यावा लागेल का? (शेतकरी, बारामती तालुका)

नाही. हिशेब मांडून दाखवतो. माणसाचा कान सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. तेवढा टिपायचा तर संगणकाला सेकंदाला त्याच्या दुपटीहून थोड्या जास्त वेळा आवाजाची उंची मोजावी लागते. सीडीच्या काळापासून हा आकडा ४४,१०० आहे. प्रत्येक मोजमापाला २ बाइट, म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. मिनिटाला सुमारे ५.३ एमबी आणि तासाला सुमारे ३१८ एमबी. आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला हे ओझं काहीच नाही. बळकट यंत्र लागतं ते व्हिडिओला.

तो लॅपटॉप हळू चालत असेल, तर बहुधा त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल. तिच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात आणि माहिती शोधायला सुई इकडून तिकडे धावत असते. तिच्या जागी एसएसडी बसवून घ्या; त्यात हलणारा भागच नसतो. रॅम ४ जीबी असेल आणि जागा असेल तर ८ करा. जुन्या यंत्रात जीव येतो. त्यात विंडोज १० असेल तर एक लक्षात ठेवा : त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नसेल, तर लिनक्स घालून घ्या किंवा फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवून बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

कापाकापीसाठी ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचं काम सुरू झालं आणि जगभरातल्या लोकांनी ते वाढवलं. मूळ रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही प्रकारात जपून ठेवा आणि लोकांना पाठवायची प्रत एमपीथ्री करा. एका माणसाच्या बोलण्याला ६४ केबीपीएस पुरतं. अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीत मावतो, मुळाच्या अकराव्या हिश्शात. गोठ्यात उभं राहून, कमी रेंजमध्ये ऐकणाऱ्याला याचाच उपयोग.

एवढं काटून आवाज शाबूत कसा राहतो? एमपीथ्री कानाची एक सवय वापरतं. मोठा सूर वाजत असताना त्याच्या शेजारचा बारीक सूर आपल्याला ऐकू येतच नाही; मग तो साठवायचा कशाला? ही पद्धत घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या जर्मन अभियंत्याने ती पारखायला सुझॅन व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांविना गायलेलं गाणं घेतलं. वाद्यांच्या गर्दीत काटछाट लपते, उघड्या गळ्यात लगेच उघडी पडते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो आवाज बिघडत होता. तो नीट येईपर्यंत ते पद्धत सुधारत राहिले. तुमच्या बोलण्याची एवढीशी फाइल इतकी स्वच्छ ऐकू येते, त्यामागे ती चिकाटी आहे. मूळ मात्र जपायचं, कारण एकदा काटलेलं परत येत नाही.

प्रश्न : एआयला मजकूर दिला की ते मराठीत वाचून दाखवतं, बोललेलं लिहूनही देतं. मग आपण बोलायचं कशाला? (सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

लिहून देणाऱ्या यंत्राचा मी रोज उपयोग करतो. कानाने अधू असलेल्या वाचकाला भाग लिखित मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. पण ते शिकतं कशावरून, ते पाहा. २०२२ मध्ये आलेलं ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकलं आणि त्यातला बहुतांश इंग्रजी होता. ते मराठी लिहितं खरं, पण अहिराणी किंवा वऱ्हाडी शब्द आला की त्याच्या जागी ओळखीचा प्रमाण शब्द बसवतं. यंत्राने जे ऐकलंच नाही, ते त्याला येणार कुठून? म्हणून आपण बोलायचं. जे बोललं आणि जपलं जाईल तेच उद्याच्या यंत्राला कळेल, आणि उद्याच्या माणसालाही.

प्रश्न : माझी आजी ८८ वर्षांची आहे. तिच्या मालवणीतले किती तरी शब्द आईलाही माहीत नाहीत. तिच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या आहेत. कुठला रेकॉर्डर घेऊ? (नोकरदार तरुणी, मूळ गाव कुडाळ)

रेकॉर्डरची वाट पाहू नका. हातातला फोन घ्या आणि या सुट्टीत गावी जा.

माझ्या आत्याने मला जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या होत्या. ती दळत होती आणि मी फोन सुपाला टेकवून ठेवला होता. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग झालं. मी त्याची दुसरी प्रत केली नाही आणि महिन्याभरात तो फोन पाण्यात पडून गेला. काही वर्षांनी पुन्हा तिच्यापाशी बसलो. या वेळी चांगला माइक होता, खोली शांत होती, पंखा बंद होता. पण मधल्या काळात जातं काढून टाकलेलं. आत्या दोन ओव्या म्हणाली आणि अडली. म्हणाली, "हात फिरला की येतं रे. नुसतं बसून कुठलं आठवायला?" तिने मांडीवर हात गोल फिरवून पाहिला. तरीही पुढची ओवी आली नाही.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. पहिला प्रतींचा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. दुसरा नियम वर डोंबिवलीला सांगितलेल्याच्या उलट आहे. आजीला गोधड्यांच्या खोलीत बसवू नका. ती तांदूळ निवडत असेल, सोलं वाळवत असेल, तिथेच फोन जवळ ठेवा. सुपाचा आवाज येऊ द्या. तिचे शब्द त्याच आवाजाला बांधलेले आहेत. नको असलेली घरघर फक्त टाळा. फ्रिज बंद करा आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहणार नाही. अर्थ न कळलेला शब्द आला तरी मध्ये तोडू नका. लिहून ठेवा आणि संध्याकाळी विचारा. तेही रेकॉर्ड करा. लोकांना ऐकवण्याआधी तिची परवानगी घ्या. काही गोष्टी ती फक्त तुम्हाला सांगत असेल.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक मूळ बायकांच्या आवाजात ऐकता येतात. तिथे प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे. म्हणून ती ओवी आजही तिची आहे.

तुम्हीही तेच करा. रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री फाइलचं आपोआप पडलेलं आकड्यांचं नाव खोडा. तारीख लिहा, वाडी लिहा आणि आजीचं पूर्ण नाव लिहा, माहेरच्या नावासकट.